एका मिनिटाचे श्वास

आलापल्लीच्या चौकातून पाच दिशांना रस्ते फुटतात. एक आष्टीमार्गे गडचिरोली-चंद्रपूरकडे जातो, एक अहेरीला, एक एटापल्लीला, एक दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत आणि एक पेरमिली, हेमलकसा करत भामरागडला. अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय इथून जवळच, सात-आठ किलोमीटरवर आहे. गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय मात्र शंभरेक किलोमीटर दूर. आणि आतल्या एखाद्या टोल्यावरून आलापल्लीला यायचं, तर आधी जंगलातली पायवाट, मग रस्ता, मग वाहन मिळेल तेव्हा मिळेल.

समजा, अशाच एका टोल्यावरची आई संध्याकाळी शाळेच्या गुरुजींकडे येते. कडेवर नऊ महिन्यांचं बाळ. तीन दिवसांपासून सर्दी, खोकला, अंग गरम. ती विचारते, "सर, आत्ताच न्यावं लागेल का? की सकाळी नेलं तर चालेल?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर चुकलं तर ते दोन्ही बाजूंनी महागात पडतं. साध्या सर्दीसाठी रात्रीचं जंगल तुडवत, उसने पैसे घेऊन, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवून बाळाला नेलं आणि डॉक्टरांनी 'काही नाही, घरी न्या' म्हणून परत पाठवलं, तर पुढच्या वेळी ती आई निघणार नाही. आणि ती पुढची वेळच खरी असली तर? उलट, न्यूमोनिया झालेल्या बाळाला 'सकाळी बघू' म्हटलं, तर ती सकाळ कदाचित फार उशिरा येईल.

गुरुजींकडे क्ष-किरण यंत्र नाही, छातीला लावायची नळी नाही. असती तरी ती ऐकता आली नसती. तरीही या प्रश्नाचं बऱ्यापैकी खात्रीचं उत्तर देण्याची एक रीत आहे. तिला लागतं सेकंद दाखवणारं घड्याळ आणि शंभरापर्यंत मोजता येणारा माणूस. ही रीत कशी आली, ती का चालते आणि कुठे फसते, हे या लेखात पाहू.

खोकला किती, न्यूमोनिया किती

पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं हे अगदी नेहमीचं आहे. त्यातली बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात, नाक-घशापुरती राहतात आणि आठवडाभरात आपोआप बरी होतात. त्यांना प्रतिजैविकांचा काही उपयोग नाही.

थोड्या मुलांमध्ये मात्र जंतू किंवा विषाणू खाली उतरतात आणि फुप्फुसात बस्तान बसवतात. हाच न्यूमोनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं गेली. या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी हे १४ टक्के होतात. बाहेरून पाहिलं तर सुरुवातीला दोन्ही बाळं सारखीच दिसतात. खोकला दोघांना, ताप दोघांना, नाक दोघांचं वाहतंय. खोकला किती जोरात आहे, किती दिवसांचा आहे, कफ कसा वाजतो, यावरून फरक कळत नाही. पुष्कळदा घरची माणसं खोकल्याच्या आवाजाला घाबरतात आणि ज्याला घाबरायला हवं त्याकडे दुर्लक्ष होतं. ते म्हणजे श्वासाची गती.

फुप्फुसात काय होतं

मोठ्या माणसाच्या फुप्फुसात सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. प्रत्येक वायुकोश म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं गुंडाळलेला इवलासा फुगा. हवेतला ऑक्सिजन इथेच रक्तात शिरतो. न्यूमोनियात यातले बरेच फुगे पू आणि पाण्यानं भरतात. तिथे हवा पोचत नाही, पण रक्त मात्र वाहत राहतं आणि ऑक्सिजन न घेताच पुढे जातं.

दुसरी गोष्टही घडते. ओलं, सुजलेलं फुप्फुस ताठर होतं. दोन रबरी पट्ट्या घ्या, एक पातळ आणि एक जाड. पातळ पट्टी लांबपर्यंत सहज ताणता येते. जाड पट्टी दर वेळी तेवढीच ताणायला गेलं तर हात लवकर भरून येतो. त्यापेक्षा ती थोडी थोडी, पण जास्त वेळा ताणणं सोपं जातं. आजारी बाळाचं शरीर नेमकं हेच करतं. एका श्वासात नेहमीइतकी हवा घेणं जड जातं, म्हणून ते उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागतं. हा निर्णय बाळ घेत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र घेतं. म्हणून त्यात लपवाछपवी नसते.

लहान मुलांतच हे इतकं ठळक का दिसतं? पाच किलो वजनाचं बाळ एका श्वासात जेमतेम ३०-३५ मिलिलिटर हवा आत घेतं. म्हणजे मोठे दोन चमचे. आपण शांत बसलेलो असताना अर्धा लिटर घेतो. बाळाला श्वास मोठा करून भागवायला जागाच नसते, त्यामुळे श्वासांची संख्या वाढवणं हाच त्याच्याकडे उपाय उरतो. शिवाय त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना इथे थोडं गणित करता येईल. नळीतून हवा संथपणे वाहत असेल, तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. सुजेनं आणि कफानं त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा दुप्पट किंवा चौपट नाही, तर सोळापट होतो.

आजार वाढला की दुसरी खूण दिसू लागते. एरवी श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. लहान बाळाच्या बरगड्या अजून कुर्च्यांच्या, लवचिक असतात. ताठर फुप्फुसात हवा ओढण्यासाठी श्वासपटलानं सगळा जोर लावला, की पोट बाहेर येतं पण छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या कडेला, दर श्वासाला आत खेचला जातो. नाकपुड्या फुलतात. काही बाळं श्वास सोडताना कण्हतात.

विदर्भात या आजाराला 'डबा' म्हणतात. पोट उडतंय, छातीशी खळगा पडतोय, हे जुन्या माणसांनी बरोबर पाहिलं होतं. निरीक्षण अचूक, पण आजाराची जागा चुकली. पोट हलतं म्हणजे दुखणं पोटात, असं धरून कुणी पोटावर लेप लावला, कुणी झाडपाला बांधला आणि मेळघाटासारख्या भागात तापलेल्या लोखंडानं बाळाच्या पोटावर डागण्याची रीत पडली. तिथल्या डंब्याच्या बातम्या अलीकडेही आल्या आहेत. भाजल्याच्या जखमेनं बाळाच्या दुःखात भर पडते, जखमेतून नवे जंतू आत शिरतात आणि दवाखान्यात जायचा वेळ निघून जातो. पण या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. जी आई 'पोट उडतंय' म्हणून सांगत येते, तिनं सगळ्यात महत्त्वाची खूण आधीच ओळखलेली असते. आपण तिच्या त्या नजरेला आकडा जोडून द्यायचा आहे.

आकडा कुठून आला

फ्रान्समध्ये लेनेक या डॉक्टरानं १८१६ साली छातीला लावायची नळी शोधली. तेव्हापासून न्यूमोनिया म्हणजे कानानं ऐकायचा आजार, अशी डॉक्टरांची धारणा झाली. पण रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या छातीतला आवाज नेमका ओळखणं कठीण असतं. दोन तज्ज्ञांचंही त्याबाबत एकमत होईलच असं नाही. आणि मुलं दगावत होती ती जिथे एकही तज्ज्ञ नाही अशा ठिकाणी.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एक वेगळा विचार मांडला. खोकला असलेलं मूल मिनिटाला पन्नासाहून जास्त श्वास घेत असेल तर न्यूमोनिया धरावा, असं त्यांच्या पाहणीतून दिसलं. १९८८ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या थॉमस चेरियन, टी. जेकब जॉन आदींनी भारतीय मुलांवर ही कसोटी तपासली. एक वर्षाखाली पन्नास ठीक आहे, पण त्याहून मोठ्या मुलांमध्ये पन्नास ही रेषा फार वरची ठरते, ती चाळीसवर आणायला हवी, हे त्यांनी दाखवलं. अशा अभ्यासांतून जागतिक आरोग्य संघटनेच्या आज वापरल्या जाणाऱ्या मर्यादा ठरल्या. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे 'वेगवान श्वास'.

इथे थोडं थांबायला हवं, कारण वर्गात हुशार विद्यार्थी विचारतीलच: नऊ महिन्यांच्या बाळाचे ४९ श्वास भरले तर ते निरोगी आणि ५० भरले तर आजारी, असं कसं? असं नसतंच. ही रेषा म्हणजे चाळणी आहे. भोकं बारीक ठेवली तर न्यूमोनियाची जवळजवळ सगळी मुलं अडकतील, पण त्यांच्याबरोबर साध्या सर्दीची कितीतरी मुलंही अडकतील आणि त्यांना विनाकारण प्रतिजैविकं मिळतील. मग जंतू त्या औषधांना सरावतात. भोकं मोठी ठेवली तर औषध वाचेल, पण खरी आजारी मुलं निसटतील. कुठलीही वैद्यकीय चाचणी या दोन चुकांमधली तडजोड असते. न्यूमोनियाच्या बाबतीत एक मूल निसटण्याची किंमत मोठी आहे, म्हणून रेषा थोडी सैल ठेवली आहे.

गडचिरोलीतला प्रयोग

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था गडचिरोली जिल्ह्यात सुरू केली. जिल्हा तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. १९८२ साली तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. इथली मुलं कशानं दगावतात, हे शोधताना न्यूमोनिया अगदी वर दिसला. मग त्यांनी विचारलेला प्रश्न असा: डॉक्टर गावात पोचत नाही हे मान्य करू, पण न्यूमोनिया ओळखणं आणि त्याचं औषध देणं हे गावातल्याच माणसाला शिकवलं तर?

प्रयोगाची आखणी समजून घेण्यासारखी आहे. ५८ गावांत (६,१७६ मुलं) आई-बापांना न्यूमोनियाच्या खुणा सांगितल्या गेल्या आणि आरोग्य कर्मचारी, गावातले आरोग्यदूत आणि सुइणी यांना श्वास मोजायला आणि को-ट्रायमोक्साझोल हे औषध द्यायला शिकवलं गेलं. दुसऱ्या ४४ गावांत (३,९४७ मुलं) ही व्यवस्था नव्हती. तिथे फक्त नोंदी ठेवल्या गेल्या. ही दुसरी गावं कशाला हवीत? कारण एखाद्या वर्षी पाऊसपाणी चांगलं झालं, गोवराची साथ आली नाही, तर मृत्यू आपोआपच कमी होतात. तुलनेची गावं नसतील तर ते श्रेय आपण आपल्या औषधाला देऊन बसू.

निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. सगळी कारणं मिळून बालमृत्यू दर हजारी २८.५ विरुद्ध ४०.७. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाच्या ज्या ६१२ दुखण्यांवर उपचार झाले, त्यांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के. एक जीव वाचवायला औषधाचा खर्च २.६४ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं पन्नास रुपयांहून कमी.

या आकड्यांतला दुसरा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. न्यूमोनियातून वाचलेलं मूल पुढे महिन्याभरात हगवणीनं गेलं असतं, तर पहिला आकडा छान दिसला असता आणि घरातलं दुःख तेवढंच राहिलं असतं. एकूण मृत्यू उतरले, म्हणजे मुलं खरोखर वाचली.

यात एक अडचण होती. पुष्कळ सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. दहा-बारापर्यंत येत होतं. त्यांना वगळणं सोपं होतं, पण बाळंतपणापासून घरात वावर असलेली बाई हीच तर गावची खरी तज्ज्ञ. म्हणून बंग दांपत्यानं एक साधं श्वासमापक केलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असतात. तान्ह्या बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्या मुलासाठी वेगळी. घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. १९९२ साली या उपकरणाचं वर्णन बालरोगांवरच्या भारतीय नियतकालिकात आलं. आपल्या शाळेत मणी आहेत, तार आहे. वाळूचं घड्याळ दोन छोट्या बाटल्यांची तोंडं जोडून करता येतं. वाळू बरोबर एक मिनिटात संपेल असं त्याचं भोक साधणं हा मुलांसाठी चांगला दोन दिवसांचा उद्योग आहे.

पुढे १९९५ ते ९८ या काळात याच संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच इंजेक्शन देण्याचाही समावेश होता. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळाचं वजन घेतात, ताप पाहतात, त्या २०११ साली देशभर सुरू झालेल्या कार्यक्रमामागे हाच अनुभव आहे.

मोजायचं कसं

मोजणं सोपं आहे, पण चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. आम्ही पहिल्यांदा मोजायला बसलो तेव्हा एका ठणठणीत, झोपलेल्या सहा महिन्यांच्या बाळाचे ७२ श्वास भरले आणि आम्ही हबकलो. मग लक्षात आलं की पोट वर गेलं की एक आणि खाली आलं की दोन, असं आम्ही मोजत होतो. वर आणि खाली मिळून एक श्वास. बाळाचे श्वास ३६ होते.

बाळ शांत हवं. रडताना, दूध पिताना, नुकतंच खेळून आल्यावर मोजलेला आकडा निरुपयोगी. आईच्या मांडीवर असू द्यावं, अंगडं वर करावं आणि पोट-छातीच्या सीमेवर नजर ठेवावी. हात लावू नये, हात लावला की बाळ दचकतं. पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नये. तान्ही बाळं काही सेकंद भराभर श्वास घेतात, मग क्षणभर थांबतात, पुन्हा सुरू करतात. पंधरा सेकंदांत यातला कुठला तुकडा हाती लागेल सांगता येत नाही, आणि एका श्वासाची चूक गुणाकारात चार श्वासांची होते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० भरले तर थोडं थांबून पुन्हा मोजावं. दोन्ही वेळा ६० किंवा जास्त आले तरच तो आकडा धरावा. मिनिट मोजायला एक आणि श्वास मोजायला दुसरा, अशी दोन माणसं असली तर उत्तम. एकानंच घड्याळ आणि पोट दोन्हीकडे बघितलं की गणती चुकतेच.

मोजून झालं की छातीकडे पाहावं, दर श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत जातोय का.

आता त्या नऊ महिन्यांच्या बाळाकडे परत येऊ. श्वास ३८, छाती आत जात नाही, दूध पितंय, मधूनच हसतंय. तर रात्री जंगलातून निघायचं कारण नाही. अंगावरचं दूध चालू ठेवावं, ऊब द्यावी, नाक साफ करावं आणि सकाळी पुन्हा मोजावं. ताप आहे म्हणून रक्त मात्र तपासायला हवंच, त्याबद्दल पुढे सांगतो. श्वास ५६ भरले, पण बाळ पितंय, जागं आहे, तर न्यूमोनिया धरायचा. गावात आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टर असतील तर लगेच त्यांना गाठायचं, म्हणजे अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस तिथेच मिळू शकतो, आणि लगोलग दवाखान्यात न्यायचं. को-ट्रायमोक्साझोलला बरेच जंतू सरावले, म्हणून आता या आजारात अमॉक्सिसिलिन आधी वापरतात. २०१९ साली केंद्र सरकारनं न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' नावाची मोहीम सुरू केली, तिच्यातही आशाताईंनी पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवावं अशी सोय आहे. सांगितलेले सगळे दिवस औषध द्यायला हवं. दोन दिवसांत ताप उतरतो, बाळ खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात, असं फार घरांत होतं.

आणि छाती आत जात असेल, बाळ पिणं सोडून देत असेल, प्यायलेलं सगळं ओकत असेल, झटके आले असतील, हलवूनही नीट जागं होत नसेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर मोजण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा, गाडी येणार नसेल तर मिळेल त्या वाहनानं निघावं. त्याला ऑक्सिजन लागणार आहे आणि तो घरी नाही. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, तर नुसता वेगवान श्वासही दवाखान्यात नेण्याला पुरेसं कारण आहे. इतक्या लहान बाळाला पुष्कळदा तापही येत नाही, उलट अंग गार पडतं.

एक गोष्ट घरच्यांना फसवते, म्हणून वेगळी सांगतो. दोन दिवस मिनिटाला सत्तर श्वास घेणारं बाळ तिसऱ्या दिवशी पस्तीसवर आलं, पण ते मलूल आहे, दूध ओढत नाही. घरात बरं वाटतं, 'धाप उतरली' म्हणतात. ती उतरलेली नाही. श्वासाचे स्नायू थकले आहेत. बरं होणाऱ्या बाळाचा श्वास मंदावतो तेव्हा ते भूक दाखवतं, आईकडे बघतं.

आलापल्लीतला वेगवान श्वास

पुस्तकातला न्यूमोनिया आणि या जंगलातला न्यूमोनिया यांत थोडा फरक करावा लागतो. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा वर्षानुवर्षं गडचिरोलीतून येत आला आहे आणि फाल्सिपारम जातीच्या हिवतापातही मूल भराभर श्वास घेतं. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कमी झाल्या की ऑक्सिजन वाहून नेणारं कमी पडतं. शिवाय रक्तात आम्ल साठतं आणि ते बाहेर टाकण्यासाठी श्वास खोल आणि वेगवान होतो. फुप्फुस स्वच्छ, तरी आकडा पन्नासाच्या वर. म्हणून इथे ताप असलेल्या प्रत्येक मुलाची हिवतापासाठी रक्ततपासणी झालीच पाहिजे, श्वास कितीही भरोत. आशाताईंकडच्या पट्टीवर बोटाच्या थेंबभर रक्तावरून पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. कधी दोन्ही आजार एकत्रही असतात.

दुसरा सिकलसेल. या भागात तो बऱ्याच कुटुंबांत आहे. सिकलसेलच्या मुलाला ताप, खोकला आणि छातीत दुखणं सुरू झालं तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका असतो. अशा मुलाच्या बाबतीत श्वासाची रेषा ओलांडायची वाट पाहायची नसते. तापातच दवाखाना गाठायचा. शाळेत कुणाला सिकलसेल आहे हे वर्गशिक्षकाला माहीत असलेलं बरं. आश्रमशाळेच्या वसतिगृहात तर रात्रीच्या अधीक्षकालाही.

खोकल्याच्या बाटलीबद्दल दोन शब्द. सर्दी-खोकल्याची गोड औषधं आजार बरा करत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या अशा औषधानं वीसहून अधिक लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. दुखणं साधा खोकला-तापच होता. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत, असं पुन्हा बजावलं.

प्रतिबंधाचं बरंच काही आता उपकेंद्रावर फुकट मिळतं. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत देतात. पंचगुणी लशीत दुसऱ्या जंतूपासून संरक्षण आहे. गोवराच्या लशीनं गोवरानंतर होणारा न्यूमोनिया टळतो. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि चुलीचा धूर. धुराबद्दल उपदेश करणं सोपं असतं, पण थंडीत रात्रभर पेटता ओंडका हीच घरातली एकमेव ऊब असते. बाळाची झोपायची जागा धुराच्या वाटेतून बाजूला सरकवणं एवढं तरी लगेच जमण्यासारखं आहे.

वर्गात करून पाहा

सातवी-आठवीतल्या पुष्कळ मुली शाळेतून घरी गेल्या की धाकट्या भावंडाला कडेवर घेतात. दिवसभर त्या बाळाला सर्वात जवळून पाहणारं माणूस म्हणजे ती मुलगी. म्हणून हा धडा आम्ही पालकसभेआधी तिच्यापाशी सुरू करू.

आधी मुलांनी एकमेकांचे श्वास मोजावेत. ज्याचे मोजतोय त्याला ते कळू देऊ नये, कळलं की श्वास बदलतो. मग मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजावेत. आकडे फळ्यावर लिहावेत. पुढच्या दिवशी घरी झोपलेल्या बाळाचे आणि आजी-आजोबांचे श्वास मोजून आणायचे. वय आणि श्वास यांचा आलेख काढला तर बाळांचे ठिपके वर आणि म्हाताऱ्यांचे खाली दिसतील. निरोगी बाळाचा आकडा पाहून ठेवला की आजारात झालेला बदल पटकन कळतो. दोघींनी एकाच बाळाचे श्वास वेगवेगळे मोजून पाहावेत. आकड्यांत दोन-चारचा फरक पडेल. तो का पडला यावर तास रंगतो.

आणि एक चिठ्ठी लिहायला शिकवावी, दवाखान्यात बाळाबरोबर द्यायची. आई माडिया किंवा तेलुगू बोलणारी, डॉक्टर मराठी, रात्रीची घाई, यात निम्मी माहिती हरवते. चिठ्ठीत बाळाचं वय महिन्यांत, आजार कधीपासून, श्वास किती आणि किती वाजता मोजले, छाती आत जाते का, शेवटचं दूध कधी प्यायलं, हिवतापाची पट्टी केली का आणि काय निघालं, सिकलसेल आहे का, अमॉक्सिसिलिन दिलं असेल तर किती वाजता. श्वासाचा आकडा दोनदा मोजला असेल तर दोन्ही लिहावेत, खाडाखोड न करता.